मेजवानीतले बटाटे

बालवीर पथकाच्या वार्षिक मेजवानीत करमणूक हवी, पण तिच्यातून ज्ञानही मिळायला हवं, असा पथकाचा नियम होता. ज्ञान मिळता कामा नये, असा मुलांचा नियम होता. यंदा करमणूक निवडायचं काम पथक सांभाळणाऱ्या मार्लिसच्या गळ्यात पडलं होतं.

गेल्या वर्षी दातांच्या डॉक्टरांनी हिरड्यांवर व्याख्यान दिलं, तेव्हा मुलं टेबलांखाली जाऊन बसली आणि उन्हाळ्यापर्यंत निम्मी मुलं पथक सोडून गेली. जिल्ह्याचे प्रमुख आर्लो सोल्बर्ग यांनी फोनवर बजावलं होतं, "यंदा मी स्वतः येतोय. मुलं रमली तर ठीक, नाहीतर तुमचं पथक शेजारच्या ओक फॉल्सच्या पथकात घालावं लागेल."

ओक फॉल्स! लाकडी गाड्यांच्या शर्यतीत दरवर्षी आपल्याला हरवतात आणि वर पाठ थोपटायला येतात, तेच ते! मार्लिसच्या जिवाला घोर लागला.

जादूगार नको, त्यात ज्ञान नाही. साप नकोत, आज्यांना चक्कर येते. शेवटी तिने व्हर्लिनला गाठलं. तो निवृत्त शिक्षक, आणि त्याच्याकडे हुल्डा नावाची घुबडीण होती.

"हुल्डा उंदीर अख्खा गिळते," व्हर्लिन रंगात येऊन सांगू लागला. "मग न पचलेली हाडं आणि केस यांचा गोळा करून ओकून टाकते. प्रत्येक मुलाला एकेक गोळा देऊ. उकलला की आत उंदराचा सांगाडा!"

"पण जेवणानंतर ना?"

"अहो, अर्थात जेवणानंतर!"

मेजवानी चर्चच्या हॉलमध्ये होती आणि त्या दिवशी बाहेर बर्फ साचलं होतं. गाडीत गोळे गोठतील म्हणून व्हर्लिनने त्यांचं खोकं दुपारीच चर्चच्या स्वयंपाकघरात ठेवलं आणि तो हुल्डाला आणायला गेला. एकेक गोळा चंदेरी कागदात नीट गुंडाळलेला होता.

त्या स्वयंपाकघरात आर्डिस काकूंचं राज्य. घरोघरून आलेले पदार्थ गरम करून वाढायचे, हे त्यांचं काम. खोकं उघडताच काकू एकट्याच कडाडल्या, "कागदात गुंडाळून बटाटे आणले, पण भाजायला नकोत! हल्लीच्या या आया!" एक गोळा त्यांनी हातात तोलला. "आणि हे एवढे बारके? पीक बुडालं की काय यंदा?"

सगळे गोळे ओव्हनमध्ये गेले.

थोड्या वेळाने हॉलभर वास पसरला. "कुणी हीटरवर मोजे वाळत घातलेत का गं?" एका आजोबांनी विचारलं. तोवर पानोपानी चंदेरी पुड्या पोचल्या होत्या. पाहुणे म्हणून सोल्बर्गसाहेबांनी पहिली पुडी सोडली, लोणी घातलं आणि काट्याने टोचलं. मग ते बराच वेळ वाकून पाहत राहिले.

"मार्लिसबाई," ते म्हणाले, "माझ्या बटाट्याला दात आहेत."

मार्लिसने पाहिलं आणि तिला सगळं कळलं. संपलं पथक! त्याच क्षणी हुल्डाला मनगटावर घेऊन व्हर्लिन दारात आला. "माझं खोकं कुठंय?"

साहेबांच्या पानाकडे बोट दाखवत मार्लिस पुटपुटली, "उंदरांसकट पानात वाढलंय." मग एक मुलगा ओरडला, "माझ्यातपण आहे का उंदीर?"

आईबापांनी पानं दूर सारली, पोरांनी ती ओढून घेतली. "मला तंगडी मिळाली!" "माझ्यात दोन डोकी!" "काका, ही शेपटी का बरगडी?" व्हर्लिनला दम खायला सवड मिळेना. यंदा टेबलांखाली एकही पोर नव्हतं.

मध्येच तो मार्लिसच्या कानाशी कुजबुजला, "भाजले हे फार बरं झालं हो. जंतू मरतात. मी साफ विसरलो होतो!"

मार्लिस भीतभीत सोल्बर्गसाहेबांकडे गेली. "साहेब, ते ओक फॉल्सचं..."

"ते राहू द्या हो!" साहेब मान वर न करता म्हणाले. "माझ्या उंदराचा मागचा एक पाय सापडत नाहीये. शोधा जरा."

सगळं आवरल्यावर आर्डिस काकू रिकाम्या चंदेरी कागदांचा ढीग घेऊन मार्लिसपुढे उभ्या राहिल्या. त्यांना काही सांगण्याची हिंमत अजून कुणालाच झाली नव्हती.

"इतक्या वर्षांत पोरांनी बटाटे असे चाटूनपुसून कधी खाल्ले नव्हते बाई. कुणाकडचे गं हे?"

मार्लिसने कोपऱ्यात डोळे मिटून बसलेल्या हुल्डाकडे पाहिलं. "त्या पाहुण्या आल्यात ना... त्यांच्याकडचे."

"मग त्यांना म्हणावं," काकू कौतुकाने म्हणाल्या, "हाताला चव आहे हो तुमच्या!"