सोळा जणांचं दार

सणसर ओलांडून कालव्याच्या कडेनं पुढं गेलं की एक वस्ती लागते. तिचं नाव सांगत नाही. लोक मनाला लावून घेतात. या वस्तीवरच्या सरुबाईच्या संडासाला दार नव्हतं. शासनदरबारी ते होतं. योजनेतून संडास बांधला, तेव्हा ठेकेदारानं टेम्पोतून एक निळं पत्र्याचं दार आणलं, चौकटीला टेकवलं, शेजारी सरुबाईला उभं केलं, फोटो काढला आणि दार उचलून पुढच्या घरी नेलं. त्या एका दारानं वस्तीवरचे सगळे संडास पूर्ण केले. हल्ली ते ठेकेदाराच्या कोंबड्यांच्या खुराड्याला आहे आणि चांगलं टिकलंय.

सरुबाई चौकटीला जुनं लुगडं लावून भागवत होती. पण कालव्यावरचं वारं मोठं अगोचर. नेमकं नको तेव्हा लुगडं वर उचलायचं. विधवा बाई, वय झालेलं. तिनं तेही सोसलं असतं. पण तिची लेक प्रगती बारामतीत दिलेली, तिला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही सरुबाईची हौस. आणि विहीणबाईंचा, म्हणजे बानूबाईंचा, फोन आला.

"विहीणबाई, राग मानू नका. पर पोटुशी पोर उघड्यावर बसवायची न्हाय मी. दार लावा, दुसऱ्या दिवशी पाठवते."

यात विहिणीचं काही चुकलं असं सरुबाईलाही वाटेना, आणि त्यामुळंच ते जास्त लागलं. तिनं बांधावरची बाभूळ तोडून वखारीतनं फळ्या कापून आणल्या. सर्जेराव सुतारानं फळ्यांवर टकटक करून पाहिलं आणि म्हणाला, "अर्ध्या दिवसाचं काम हाय, मावशे. सोमवारी येतो."

सोमवार उजाडायच्या आधी रविवार आला, आणि रविवारच्या उपासनेनंतर झुंबरराव पाळकांनी सरुबाईला देवळाच्या पायरीवर गाठलं. वस्तीवर ख्रिस्ती घरं सात-आठ, आणि देऊळ म्हणजे पत्र्याची एक खोली. पाळक माणूस सरळ. देवळाच्या गळक्या पत्र्यासाठी सहा वर्षं परदेशी मंडळींकडं अर्ज करत होता. त्या सहा वर्षांत देवळाला सहा वेळा रंग लागला होता.

"सलाम, सरुबाई. दार एवढ्यात लावू नगंस."

"का वो पाळकसाहेब?"

"अमेरिकेची मंडळी येत्यात. सोळा जण. सेवा कराया. त्यास्नी गरज दिसाया नको? समद्यांनीच आपापली दारं लावली, तर त्यांनी बिचाऱ्यांनी सेवा करायची कुठं?"

"मग त्यांनी दारच लावावं की."

"तसाच अर्ज करतो," पाळक म्हणाले, आणि केलासुद्धा.

अर्जाच्या चौकशीला पुण्याहून राजवर्धन आला. हा परदेशी मंडळींच्या अल्पकालीन सेवायात्रा विभागाचा क्षेत्रीय समन्वयक. पांढरे बूट, खांद्याला लॅपटॉप. त्यानं संडास पाहिला, चौकट मोजली, हळहळला आणि अर्ज नामंजूर केला.

"आजी, दार नाही जमणार."

"का रं बाबा?"

"दार लावायला माणसं किती लागतात?"

"एक सर्जेराव. फार तर बिजागरी धराया मी."

"बघा! आमचे सोळा जण येतायत, आपापलं विमानाचं भाडं भरून. एकानं दार लावलं तर पंधरा जणांनी काय बघत बसायचं? सेवा सगळ्यांना सारखी मिळाली पाहिजे, असा नियम आहे. भिंत कशी, सोळा काय, साठ जण रंगवू शकतात."

"भिताडाला नाताळात चुना दिलाय मी."

"चुन्याला आम्ही रंग धरत नाही," राजवर्धन म्हणाला. मग आवाज मऊ करून त्यानं तिला समजावलं, की दार ही गरज झाली, सेवा नव्हे. आणि विभागाचं काम सेवेचं आहे. मात्र मंडळी परत जाईपर्यंत तिनं स्वतः दार बसवू नये. अर्जासोबत बिनदाराचा फोटो वर गेलेला होता, आणि फोटोत एक नि जागेवर एक असं निघालं असतं तर पाळकांच्या देवळाचा पत्रा कायमचा राहिला असता. सरुबाईनं पाळकांच्या तोंडाकडं पाहिलं आणि फळ्या दाराशी रचून ठेवल्या. प्रगतीला तिनं फोनवर सांगितलं, "हप्ताभर थांब, बाळा. अमेरिका येतीया."

अमेरिका आली. सोळा जण, सगळ्यांच्या अंगात पिवळे टी-शर्ट, पाठीवर छापलेलं, 'आम्ही पाठवलेले आहोत'. पोरं मनानं चांगली होती. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही सगळं खापर त्यांच्या डोक्यावर फोडून मोकळे व्हाल. त्यांचा म्होरक्या टायलर कुणालाही पाहिलं की मिठी मारायचा. सर्जेरावाला त्यानं दोनदा मारली. मॅडिसन नावाची एकोणीस वर्षांची पोर होती, तिला शेळीचं करडू बघूनसुद्धा रडू यायचं.

पहिल्या दिवशी त्यांनी सरुबाईला हात धुवायला शिकवलं. त्यासाठी खास गाणं होतं, हावभावांसह. सरुबाईची अठरा वर्षं अंगणवाडीत मदतनीस म्हणून पोरांचे हात धुण्यात गेली होती. पण पाहुण्यांचं मन मोडू नये, म्हणून तिनं हात धुतले, गाणं म्हटलं आणि शेवटी टाळ्याही वाजवल्या. पिवळ्या पोरांना हर्ष झाला.

दुपारी वेगळीच अडचण उभी राहिली. मॅडिसननं संडासाची चौकशी केली, जाऊन पाहिलं आणि लाल होऊन परत आली. दार नाही! सोळाच्या सोळा जण विचारात पडले. यावर तातडीनं उपाय झाला: दर दोन तासांनी बस भरून बारामतीच्या हॉटेलात जायची आणि मोकळी होऊन परत यायची. जाऊन येऊन कामाचा निम्मा दिवस रस्त्यातच जाई. या लोकांनी दार का लावलं नसेल, असं टायलरनं विचारलं, तेव्हा राजवर्धननं सांगितलं की हा संस्कृतीतला फरक आहे, इथल्या लोकांना मोकळेपणा आवडतो. टायलरनं ते आदरानं वहीत उतरवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी रंगाला सुरुवात झाली. घराच्या भिंती उंच, पोरांचे हात पुरेनात. परांची बांधायची तर फळ्या हव्यात, आणि फळ्या तर दारातच रचून ठेवलेल्या! चार पोरांनी त्या उचलल्या तशी सरुबाई हातातलं भाकरीचं पीठ तसंच घेऊन धावत आली.

"आरं ए! त्या फळ्या दाराच्या हायेत! माझी लेक यायची हाय बाळंतपणाला! ठिवा खाली!"

पोरं थबकली. टायलरनं राजवर्धनकडं पाहिलं. राजवर्धननं भाषांतर केलं, ते असं: "आजी म्हणतायत, माझ्याकडं एवढंच आहे, पण शास्त्रातल्या त्या दोन दमड्या दान देणाऱ्या गरीब विधवेसारखं मी ते आनंदानं देते. माझ्या लेकीसाठी आणि येणाऱ्या बाळासाठी प्रार्थना करा. आणि दाराबद्दल काहीतरी बोलल्या."

सोळा जणांनी तिथंच गुडघे टेकले आणि तिच्या लेकीसाठी प्रार्थना केली. मॅडिसन सरुबाईच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडली. सरुबाईचे पिठाचे हात हवेतच राहिले. एवढी पोरं आपल्या पोरीसाठी देवाला साकडं घालतायत, तेव्हा मधेच 'फळ्या द्या' कसं म्हणायचं? तिनं आमेन म्हटलं. फळ्या परांचीला गेल्या.

तिसऱ्या दिवशी टायलरला दृष्टांत झाला. आजी दाराबद्दल बोलल्या होत्या ना? मग दारच द्यायचं! संडास आणि न्हाणी यांची समोरची भिंत एकच. तिच्या डाव्या टोकाला संडासाची उघडी चौकट, उजवीकडं कोरी भिंत. त्या कोऱ्या भिंतीवर दार रंगवायचं ठरलं. यात सोळाही जणांना काम मिळत होतं, एका दारात सोळा फळ्या काढल्या की झालं.

आणि खोटं कशाला बोलू, दार काढलं मात्र झकास! सागवानी रंग, रेषा न् रेषा, पितळी कडी, खिळ्यांची डोकी, अर्ध्यावर पडलेली सावली. शास्त्रात आहे तसा प्रभू दाराबाहेर थाप द्यायला हात उचलून उभा काढलेला. कोंबडी जाऊन त्यावर आपटली. पाळकांनी पुढं होऊन कडी धरायचा प्रयत्न केला आणि बोटं चोळत मागं आले. तालुक्याहून पाहणीला आलेल्या साहेबांनी तर गाडीतूनच पाहिलं आणि रकान्यात 'दार आहे' अशी टीप मारली. कागदावर आता सरुबाईच्या एका संडासाला दोन दारं झाली.

"पाळकसाहेब," सरुबाई हळूच म्हणाली, "आत्ता तरी खरं दार लावू का? फळ्या मोकळ्या झाल्यात."

"उद्या लाव. उद्या मंडळी जात्यात."

पण मंडळी अशी रिकाम्या हातानं जातात होय! फळ्यांवर सोळा जणांच्या पायांचे रंगीत ठसे उमटले होते, घाम गळला होता, अश्रू सांडले होते. त्या टाकून कशा द्यायच्या? शेवटच्या सकाळी त्यांनी सर्जेराव सुताराला बोलावलं आणि फळ्या कापून सोळा फोटोफ्रेम करायला सांगितल्या. सर्जेराव अर्ध्या दिवसात काम उरकणारा गडी. दुपारपर्यंत फ्रेमा तयार. सरुबाई भाजीच्या तोडणीला गेली होती. ती परत आली तेव्हा अंगणात फक्त भुसा होता.

"आरं मुडद्या, ते दार हुतं माझं!"

"मला काय ठावं, मावशे? मला वाटलं तूच दिलंस. समदी रडत हुती की."

संध्याकाळी निरोपसभा झाली. प्रत्येकानं फ्रेम छातीशी धरून अनुभव सांगितला. सगळ्यांचा अनुभव एकच होता: आम्ही द्यायला आलो होतो, पण खरं तर आम्हालाच मिळालं. राजवर्धननं त्याचं मराठी केलं, आणि सबंध आठवड्यात त्यानं केलेलं तेवढं एकच भाषांतर बिनचूक होतं. बस धुरळा उडवत गेली, आणि सरुबाईचं दार सोळा तुकडे होऊन मुंबईच्या विमानतळाकडं निघालं.

सर्जेरावाकडं दुसऱ्या फळ्या नव्हत्या आणि वेळही नव्हता. साखर कारखान्याचा हंगाम सुरू होता, बैलगाड्यांच्या दुरुस्तीतनं त्याला डोकं वर काढता येईना. "हंगाम सरू दे, मग बघू," म्हणाला. सरुबाई रात्रीची जेवली नाही. आणि तेवढ्यात प्रगतीचा व्हिडिओ फोन आला.

"आई, गेली का गं अमेरिका? दार बसलं?"

सरुबाईनं फोन फिरवला आणि भिंतीसमोर धरला. बल्बच्या उजेडात दार लखलखत होतं.

"अगं बाई! आत्या, बघा तरी!" प्रगती ओरडली.

बानूबाई फोनमध्ये डोकावल्या. "काय दार हाय वो! आमच्या बंगल्याला बी असलं न्हाय. उद्याच पाठवते."

खोटं सरुबाई एक अक्षर बोलली नव्हती. तरी रात्रभर ती कूस बदलत राहिली, आणि पहाटे उठून तिनं लेकीसाठी शिरा केला.

जावई अविराज प्रगतीला सडकेवर उतरवून तसाच ड्यूटीवर गेला. लेक सातव्या महिन्याचं पोट सावरत आली, आईला बिलगली आणि प्रवासातनं आलेली बाई पहिल्यांदा जिथं जाते तिथं गेली. तिनं पितळी कडीला हात घातला. मग दुसऱ्यांदा घातला.

"आई, हे उघडंना."

"रंगाचं हाय ते, बाळा."

प्रगतीनं भिंतीवरून हात फिरवला. डावीकडची उघडी चौकट पाहिली. मग धुण्याच्या दगडावर बसून पोट धरून हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरले.

"मला परत पाठवू नगंस, आई."

"कोण पाठवतंय! मी हाय की."

त्या दिवसापासून प्रगती आत गेली की सरुबाई चौकटीत उभी राहायची. आत पाठ, बाहेर तोंड, दोन्ही हात लांब करून लुगडं ताणून धरलेलं. वारं आलं की घट्ट धरायची. गुडघे दुखायचे, पण तिनं एकदाही "झालं का गं?" म्हणून विचारलं नाही.

इकडं मॅडिसननं अमेरिकेत पोहोचल्यावर भिंतीचा फोटो टाकला. तो जगभर फिरून पुण्यात आला आणि पुण्यातनं सुट्टीच्या दिवशी गाड्या वस्तीवर यायला लागल्या. हुरडा खायला निघालेली, भली, शिकलेली माणसं. कुणी मुलांना दाखवायची, कुणी सरुबाईला जुने स्वेटर द्यायची, सगळी फोटो काढायची. एका रविवारी अशाच एका गाडीतनं गॉगल लावलेल्या बाई उतरल्या. दारासमोर उभ्या राहिल्या, फोन वर केला, खाली केला.

"आजी, जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये तुम्ही येताय."

सरुबाई हलली नाही. लुगडं ताणून तशीच उभी राहिली. "आत लेक हाय माझी," ती म्हणाली.

"हो हो, दोनच मिनिटं. फक्त दार हवंय."

तो फोटो तुमच्याकडंही आला असेल. काढून बघा. डाव्या कडेला लुगड्याचं टोक धरलेला एक हात दिसायला हवा. दिसत नसेल, तर पाठवणाऱ्यानं तेवढा कापलाय, आणि तुम्ही खाली 'वा, किती जिवंत!' असं लिहून पुढं पाठवलाय.