पोपटच्या बाबाचा रेडिओ

वस्तू विकत घेतली की ती आपली होते, हा अडाण्यांचा समज आहे. सरकारदरबारी तिच्यापुढे आपले नाव लागले की ती आपली होते. (चोरीच्या वस्तूलाही नियम हाच.) रेडिओला तर लायसन लागे आणि ते पोस्टात मिळे. व्यवस्था इतकी सोपी की तिला फक्त एक नाव पुरे.

सन पासष्टच्या आषाढात लोधिवलीच्या बाजूच्या एका वाडीत सोनुबाईच्या घरी शिळफाट्याहून रेडिओ आला. तिने मारुतीपुढे नेम केला, की चातुर्मासभर रेडिओवरचे संध्याकाळी सहाचे भजन ऐकल्याशिवाय अन्नाला शिवायचे नाही. नेम झाल्यावर कळले, बिनलायसनचा रेडिओ लावणे गुन्हा आहे. गुन्ह्यातून आलेले भजन देवाला पोचत नाही, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. म्हणजे लायसन नाही तर भजन नाही, भजन नाही तर भात नाही.

दुपारी चारला ती उपाशीपोटी धाकट्या जावेला, धोंडूबाईला, घेऊन पोस्टात उभी राहिली.

"रेडिओ कुणाचा?" नव्यानेच बदलून आलेल्या पोस्टमास्तरांनी विचारले.

"पोपटच्या बाबाचा."

"त्यांचं नाव?"

सोनुबाईने पदर सारखा केला. नवऱ्याचे नाव घ्यायचे कसे? दुकानदारानेही पावतीवर 'पोपटचा बाबा' असेच लिहिले होते. मालक खोपोलीच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीवर; परतणार ते भजन संपल्यावर.

वाडीचा सगळा कारभार या एका खुंटीला टांगलेला होता. पोपटचा बाबा, पोपटची आई, पोपटच्या आजीची विहीर, त्या विहिरीवरचा आंबा, त्या आंब्याखालचा एस.टी.चा थांबा. (वाडीतले बारा आणे पत्ते पोपटपाशी येऊन थांबत. पोपट आठ वर्षांचा होता.) पण जूनमध्ये शाळेच्या गुरुजींनी हे नाव रद्द केले. शाळा म्हणजे पिंजरा नव्हे, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी पोराला बारशात ठेवलेले आजोबांचे नाव लावले आणि बजावले, जुन्या नावाला ओ दिलीस तर छडी. नवे नाव उत्तमच होते. फक्त ते सासऱ्यांचे असल्याने घरातल्या सुनांना उच्चारता येत नव्हते. पोराला पोपट म्हणत ते त्याचसाठी! गुरुजींनी नाव बदलले. त्या नावाला लोंबकळणाऱ्यांना कळवायचे तेवढे राहून गेले.

"पोपट नावाचं इथं कुणी नाही," पोस्टमास्तर म्हणाले. "गुरुजी कालच सांगून गेलेत."

"नाय कसा? त्यो काय पडवीत गोट्या खेळतोय! रं पोपट!"

पोपट हलला नाही.

"ए पोरा!"

बाकीची सगळी पोरे वळली. तो तेवढा नाही.

"नव्या नावानं हाक मारा. बाबाचं नाव तोच सांगेल."

"सासऱ्यांचं हाय त्ये."

"मग तुम्ही मारा," पोस्टमास्तर धोंडूबाईला म्हणाले.

"माजेबी त्येच सासरे. आन् पोपटचा बाबा माजे थोरले दीर. दोनी नावं बंद!"

"मग नवऱ्याचं नाव उखाण्यात घ्या," पोस्टमास्तर सोनुबाईला म्हणाले.

"हितं? हळद नाय, कुंकू नाय, नुसती शाईची डबी!"

(खिडकी सोडून पडवीत जाऊन पोराला विचारण्याची तरतूद नियमांत नव्हती.) धोंडूबाई पोपटला धरायला गेली, तशी सगळीच पोरे पावसात पळाली. पावणेपाच झाले. सोनुबाईच्या पोटातले कावळे आता टाळ कुटू लागले.

"बाई, मग तुमच्याच नावावर घ्या. काय नाव?"

"पोपटची..." ती थांबली.

पोस्टमास्तरांनी धोंडूबाईकडे पाहिले.

"जाऊबाई," ती ठामपणे म्हणाली, आणि मग तिलाच हसू फुटले. "अवो जाऊबाई, खरंच, तुमचं नाव काय वो?"

(आपण पहिल्यापासून सोनुबाई म्हणतो आहोत. वाडीत ही सोय नव्हती.)

"सोनुबाई," ती म्हणाली, शेजारच्या गावातल्या कुणाचे सांगावे तसे. मग मोठ्याने, "सोनुबाई!" तिसऱ्यांदा तर कुणी न विचारताच.

पाचला लायसन झाले. सहाला भजन, सव्वासहाला भात.

पंचायतीने या प्रकरणातून धडा घेऊन ठराव केला, की सगळे पत्ते शिक्का बसलेल्या नावावर हलवावेत. आता सोनुबाईची विहीर, सोनुबाईचा आंबा, सोनुबाईचा थांबा. महिन्याभराने कारखान्याचे पत्र आले, 'सोनुबाईचा नवरा' या नावे. हा कोण, म्हणून पोपटच्या बाबाने ते परत पाठवले.

यात हसण्यासारखे काही नाही. तुमची आईसुद्धा तुमच्याच नावाच्या पत्त्यावर राहते. नाव बदलायचे झाले तर तिला आधी दोन ओळी टाका. पाकिटावर काय लिहाल, तेवढे बघा.