मास्तरांच्या सुरूला फळं धरली

निवृत्त कवायत मास्तरांच्या फाटकाजवळचा सुरू बारमाही हिरवा. यंदा त्याला फळं धरली. निदान मास्तरांनी तरी तसं जाहीर केलं. बोटाच्या पेराएवढी, काड्याकुड्यांत गुंडाळल्यासारखी तपकिरी फळं फांदीफांदीला लोंबत होती.

"अहो, पण झाड एका अंगानं वाळत चाललंय," बायको म्हणाली.

"फळांचा भार! पहिलटकरणीचा चेहरा नाही का उतरत?"

शंका घेणं मास्तरांच्या स्वभावातच नव्हतं. लेकीच्या सासऱ्यांनी मागे गुलाबाची कलमं पाठवून भारी मोठेपणा मिरवला होता. मास्तरांनी टपोरी फळं निवडून डबा भरला, झाकणाला भोकं पाडली आणि 'दुर्मिळ बियाणं' म्हणून कुरिअरनं व्याह्यांकडे रवाना केला.

डबा पोचला असेल-नसेल, तोच अंगणात कपडे वाळत घालणारी बायको ओरडली, "अहो, तुमचं फळ चालतंय!"

"वाऱ्यानं हलत असेल."

"वारा पडलाय. आणि ते वर चढतंय."

मास्तर चष्मा लावून आले. फळाच्या तोंडातून एक काळं डोकं बाहेर आलं. त्यानं मास्तरांची दखलही घेतली नाही. शेजारची पालवी कुरतडली आणि घर पाठीवर घेऊन ते पुढं निघालं.

रोपवाटिकेवाल्यानं फोनवरच निकाल दिला. "अळी आहे ती. झाडाचीच पानं तोडून पिशवी शिवते आणि आत राहते. ओढू नका, कात्रीनं कापा आणि साबणाच्या पाण्यात बुडवा. एक जरी राहिली तरी पुढच्या वर्षी झाड गेलंच समजा."

"मला वाटलंच होतं," मास्तर म्हणाले आणि शिडी आणायला गेले.

बादली भरत आली तेव्हा बायकोनं हळूच विचारलं, "आणि व्याह्यांचं काय?"

मास्तर शिडीवरून उतरले. लेकीच्या सासरचा प्रश्न होता. त्यांनी घसा खाकरून फोन लावला.

व्याह्यांचा आनंद फोनमध्ये मावत नव्हता. "काय बियाणं हो! डबा उघडून गच्चीवर ठेवला, तर सकाळी स्वतःच चालत जाऊन आमच्या झाडावर बसलं! इतकं हुशार बी जन्मात पाहिलं नाही. आता तुमचं नाव सांगून सगळ्या कॉलनीत वाटणार आहे."

मास्तरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. बायकोला वाटलं, आता माफी मागतात.

"व्याहीबुवा, थांबा!" मास्तरांचा आवाज थेट मैदानावरचा लागला. "पेरण्याआधी बीजप्रक्रिया करावी लागते. एकूण एक बी गोळा करा. झाडावर चढलेलं कात्रीनं कापा, ओढू नका. मग सगळं बादलीभर साबणाच्या पाण्यात बुडवा."

"वा! किती वेळ?"

"विसरून जाईपर्यंत."

"आणि मग पेरायचं कधी?"

मास्तरांनी स्वतःच्या बादलीकडे पाहिलं.

"ते मी कळवीन."