भाडं वाढलं आणि मी खाली आले

घासाघीस कशी करायची हे मला कुणी शिकवायची गरज नाही. मी फर्निचरच्या दुकानात सोफे विकते. दिवसभर माझ्यासमोर माणसं गुबगुबीत गाद्यांवर बसून बघतात, कापड चाचपतात, किंमत ऐकतात आणि तोंड वाकडं करतात. कुणी कुरकुरतं, कुणी शेजारच्या दुकानाचं नाव घेतं. पण खरं कसलेलं गिऱ्हाईक यातलं काहीच करत नाही. ते नुसतं "मग राहू दे" म्हणतं, उठतं आणि दाराकडे चालू लागतं. त्याचा हात दाराला लागायच्या आत आमचे मालक काउंटरमागून हाक मारतात, "अहो, बसा हो. बघू काहीतरी."

त्यामुळे सिस्टरांनी भाड्याचा विषय काढला तेव्हा मी मनातल्या मनात हसले.

सिस्टर म्हणजे माझ्या घरमालकीणबाई. आयुष्यभर नर्स होत्या. आता निवृत्त झाल्या, तरी सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणते. त्यांचे यजमान, म्हणजे काकासुद्धा. खाली सिस्टर आणि काका, वरच्या एका खोलीत मी. जिना त्यांच्या बैठकीतूनच वर जातो, त्यामुळे मला कुठेही जायचं-यायचं झालं तरी आधी त्या दोघांना तोंड दाखवावं लागतं. सुरुवातीला याचा वैताग यायचा. मग एकदा तापाने फणफणले, तर माझी पावलं जिन्यावर जड पडतायत एवढ्यावरून सिस्टर थर्मामीटर घेऊन वर आल्या. तेव्हापासून त्या जिन्याबद्दल मी एक अक्षर बोललेले नाही.

तर त्या संध्याकाळी सिस्टर म्हणाल्या, "बस जरा. पुढच्या महिन्यापासून भाडं थोडं वाढवावं म्हणतेय. फार नाही गं, फक्त..."

कसलेलं गिऱ्हाईक आकडा ऐकून घेत नाही. एकदा ऐकला की तो डोक्यात बिऱ्हाड करतो.

"मग राहू दे, सिस्टर," मी म्हणाले. "मला दुसरीकडे बघावं लागेल."

आणि उठून सावकाश जिन्याकडे निघाले. जिन्याशी थांबून चपलेचा पट्टा नीट केला. तो नीटच होता. पुन्हा सोडला आणि पुन्हा लावला. मागून हाक येईना. काका कपात चमचा ढवळत होते, तेवढाच आवाज. शेवटी पट्टा किती वेळ लावणार? मी वर गेले.

माझ्या हिशेबात एकच गोष्ट राहून गेली होती. सिस्टर दुकानदार नव्हत्या, नर्स होत्या. समोरच्याने "दुखतंय" म्हटलं की त्या घासाघीस करत नाहीत. औषध शोधायला धावतात.

दुसऱ्या दिवशी कामावरून आले तर सिस्टर पर्स काखेत मारून दारातच उभ्या.

"चल. तुझ्यासाठी खोली बघून ठेवलीय."

"इतक्यात?"

"आमच्यामुळे तुझी आबाळ नको. सकाळपासून फोनच लावतेय."

निवृत्त नर्सांचं जाळं पोलिसांपेक्षा दाट असतं. त्यांच्या एका मैत्रिणीच्या घरी ही खोली निघाली होती. मोठी, पूर्वेला खिडकी, स्वतंत्र दार, माझ्या दुकानापासून चालत जाता येईल एवढी जवळ. वर भाडं आत्तापेक्षा कमी. नाव ठेवायला जागा सापडेना. मी कोपरे बघितले, नळ सोडला, कपाटात डोकं घातलं. सिस्टर आशेने माझ्याकडे बघत होत्या.

"हवेशीर आहे," मी म्हणाले.

"आहे ना?"

"फारच हवेशीर आहे. मला सोसायचं नाही."

मैत्रीण बघतच राहिली. सिस्टरांनी मात्र मान डोलावली. "खरंच. हिची छाती नाजूक आहे, माझ्या लक्षातच आलं नाही." मग दुसऱ्या दिवशी त्यांनी मला अशी खोली दाखवली की तिथे हवेला शिरायचं तर अंग चोरूनच शिरावं लागलं असतं. तीही नको म्हटलं. तिसऱ्या दिवशी पर्स पुन्हा काखेत बघितली आणि माझा धीर सुटला.

"सिस्टर, तुम्ही नका त्रास घेऊ," मी म्हणाले. "माझी मी बघितली एक. ठरलंसुद्धा."

थाप मारून झाली आणि जरा बरं वाटलं. आता यांची धावपळ थांबेल, चार दिवसांनी "ते फिसकटलं" म्हणून सांगू, त्या म्हणतील राहा मग इथेच. असा सगळा बेत. पण सिस्टर नुसत्या "बरं झालं बाई" म्हणाल्या आणि आत गेल्या. मला वाटलं, रडायला गेल्या. त्या फोन करायला गेल्या होत्या.

रविवारी माझ्या खोलीच्या दारावर थाप पडली. दारात एक उंच, तरतरीत बाई.

"मी फिजिओथेरपिस्ट," ती म्हणाली. "खोली बघायला आलेय. सिस्टर म्हणाल्या, तुम्हीच दाखवा, तुम्हाला सगळी माहिती आहे."

आता आली का पंचाईत? पण मी डगमगले नाही. सोफा विकणाऱ्या बाईला सोफा न विकणंही जमायला हवं.

"या ना," मी म्हणाले. "तुम्ही चांगल्या घरच्या दिसता म्हणून खरं सांगते. ही खिडकी उघडत नाही."

ती खिडकीशी गेली आणि चौकट अंगठ्याने दाबून बघितली, गुडघा दाबतात तशी. "किती दिवसांपासून आहे हे?"

"मी आल्यापासून."

"वर अडते की खाली?"

"दोन्हीकडे. आणि गीझर तर असा कण्हतो की वाटतं, आत कुणी अडकलंय. भिंतीला ओल आहे. कपाटाचं दार रात्री आपोआप उघडतं. मी तर जीव मुठीत धरून राहते."

ती मन लावून ऐकत होती, मध्ये मध्ये "हं, हं" करत होती. मला कळायला हवं होतं. जी बाई दिवसभर लोकांची दुखणी ऐकून पोट भरते, तिला दुखणी सांगून पळवता येत नाही.

"सगळं बरं होण्यासारखं आहे," ती म्हणाली आणि खाली गेली. जाताना तिने एकूण एक तक्रार सिस्टरांच्या कानावर घातली. माझ्या काळजीपोटी.

थोड्या वेळाने सिस्टर वर आल्या. चेहरा एवढासा झालेला.

"इतकी वर्षं तू हे सोसलंस, आणि एका शब्दाने बोलली नाहीस?"

"तसं काही फार नव्हतं, सिस्टर."

"जीव मुठीत धरून राहत होतीस म्हणे."

त्यानंतरचा आठवडा मी स्वतःच्याच खोलीत पाहुणी झाले. सुतार आला, प्लंबर आला, रंगारी आला. मी दुकानात असायचे पण जीव घरी. गिऱ्हाइकाला सोफा दाखवता दाखवता मीच त्यावर बसायचे, लगेच उठायचे, काचेशी जाऊन रस्ता बघून यायचे. मालकांनी विचारलं, "बरं नाही का?" मी म्हटलं, "घरी रंग चाललाय." घरी जाऊन बघावं तर खिडकी एका बोटाने उघडत होती. गीझर मांजरासारखा गप्प. भिंती फिकट पिवळ्या, अगदी मला आवडतो तोच रंग. रोज जिना उतरताना ठरवायचे, आज सांगून टाकायचं. आणि रोज बैठकीत सिस्टर म्हणायच्या, "त्या पोरीने आगाऊ पैसे दिलेसुद्धा. तुझं कधी जायचं ठरलंय?" आणि माझ्या तोंडून निघायचं, "रविवारी."

रविवार यायचा तो आलाच.

मी ठरवलं होतं, एक बॅग घेऊन बाहेर पडायचं, कुठेतरी लॉजवर दोन दिवस काढायचे, मग बघू. खाली उतरले तर फाटकाशी टेम्पो उभा. काकांनी बोलावलेला. काका एरवी दिवसाला चार वाक्यं बोलतात, पण कामाला वाघ. रंगकामासाठी खाली आणून ठेवलेली माझी कॉट, कपाट, पुस्तकं, कुंडी, सगळं त्यांनी रंगाऱ्याच्या मदतीने चढवूनही टाकलं होतं. सिस्टर पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या, मांडीवर माझी इस्त्री घेऊन.

"आम्ही येतो गं पोचवायला," त्या म्हणाल्या. "नवी जागा कशी आहे ते बघितल्याशिवाय मला झोप नाही लागायची."

मी त्यांच्या शेजारी दाटीवाटीने बसले. काका मागे, माझ्या कॉटवर.

"कुठे घ्यायचं, ताई?" ड्रायव्हरने विचारलं.

"सरळ," मी म्हणाले.

सरळ रस्ता संपला. "आता?" "डावीकडे." डावीकडे गेलो. "आता?" पुन्हा डावीकडे. मी खिडकीतून दोन्ही बाजूंची घरं बघत होते, जणू एखादं हात हलवून म्हणणार होतं, इथे, इथे. एक लाँड्री गेली. एक पेट्रोल पंप गेला. शाळेची भिंत गेली. पुन्हा डावीकडे.

"ताई," ड्रायव्हर म्हणाला, "ही लाँड्री मघाशी येऊन गेली."

"दुसरी असेल."

"तोच माणूस इस्त्री करतोय. त्याने आत्ता हात केला मला."

त्याने टेम्पो बाजूला घेतला आणि इंजिन बंद केलं. इतकं शांत झालं की मागे काका कॉटवर कूस बदलताना ऐकू आले. सिस्टरांनी माझ्याकडे वळून बघितलं. पेशंटने गोळी गिळली की गालात ठेवली, हे ओळखणारी ती नजर होती.

"पत्ता नाहीये ना?" त्या म्हणाल्या.

"नाही."

"म्हणजे खोलीच नाहीये."

"नाही, सिस्टर. मला जायचंच नव्हतं." एकदा तोंड उघडलं तसं सगळं भडाभडा बाहेर आलं. दुकानातली गिऱ्हाइकं, दाराकडे चालत जाणं, चपलेचा पट्टा, हवेशीर खोली, सगळं. "मला वाटलं, तुम्ही हाक माराल."

सिस्टरांनी इस्त्रीची वायर गोल गुंडाळली.

"आणि मला वाटलं, आम्ही आता तुला नकोसे झालो," त्या म्हणाल्या. "दोन म्हातारी माणसं, येता-जाता विचारणार, जेवलीस का, उशीर का झाला. वैतागली असेल बिचारी, भाड्याचं निमित्त मिळालं. म्हणून अडवलं नाही."

मी त्यांच्या मांडीवरची इस्त्री माझ्या मांडीवर घेतली. तेवढंच हलकं करता येण्यासारखं होतं.

"वाढवणार होता किती?" मी विचारलं.

त्यांनी आकडा सांगितला. मी तो ऐकला. ड्रायव्हरनेही ऐकला.

"ताई," तो अदबीने म्हणाला, "त्याच्यापेक्षा माझं भाडं जास्त होईल. परतीचं वेगळं."

परत आलो तर वरच्या खोलीची खिडकी सताड उघडी. सिस्टरांनी आधीच दिलेल्या किल्लीने आत येऊन फिजिओ सामान लावून मोकळी झाली होती. माझ्या पिवळ्या भिंतीला पाठ टेकवून ती हात ताणण्याचा व्यायाम करत होती. तिने आगाऊ पैसे दिले होते, तिची जुनी जागा सोडली होती, आणि खोलीतलं सगळं दुखणं तिच्यामुळेच बरं झालं होतं. तिला जा म्हणायला माझी जीभ रेटेना. सिस्टरांचीही नाही.

शेवटी काका बोलले. "कोठीची खोली आहे की."

कोठीची खोली स्वयंपाकघराला लागून. तिथल्या जुन्या ट्रंका, मोडका पंखा, काकांचे रंगाचे डबे सगळे माळ्यावर गेले आणि माझी कॉट आत आली. कपाट बाहेरच राहिलं. कॉट घातल्यावर दार अर्धंच उघडतं, त्यामुळे मी तिरकी होऊन आत शिरते. भाडं किती, हे विचारायची सोय नव्हती. सिस्टरांनी तो वाढवलेला आकडा लावला आणि मी मुकाट्याने मान्य केला. वर टेम्पोचे पैसे.

पहिल्या सकाळी मला साखरझोपेत दाराचा आवाज आला. डोळे उघडले तर सिस्टर अर्ध्या दारातून कशाबशा आत शिरून, माझ्या उशीवरून हात लांब करून, डोक्यावरच्या फळीवर काहीतरी शोधत होत्या.

"उठू नकोस, उठू नकोस," त्या म्हणाल्या. "डबे अजून इथेच आहेत. मला फक्त साखर हवी होती."

साखर घेऊन गेल्या. मी कूस बदलली. तेवढ्यात दारातून काकांचं डोकं आलं.

"चहापत्ती," ते म्हणाले.