बारची काच

आमचे शेजारी वासुदेवकाका रोज दुपारी चार वाजता इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून कोपऱ्यावरच्या बारमध्ये जातात आणि संत्र्याचा रस पितात. दारूला त्यांनी उभ्या जन्मात हात लावलेला नाही. खापरखेड्याच्या वीजकेंद्रात तीस वर्षं बॉयलर सांभाळला, तेवढी आग पुरे झाली, असं त्यांचं म्हणणं.

नागपुरात बारमध्ये बसायची एक रीत आहे. काचेला काळा कागद, आत अंधार, आणि ओळखीचा माणूस दिसलाच तर आपण भिंतीवरचं कॅलेंडर वाचायचं. त्यानंही तेच वाचायचं. काकांनी ही रीत पहिल्याच दिवशी मोडली. दारातूनच सगळ्यांना नमस्कार घातला आणि मला हेरून मोठ्यानं विचारलं, "काहून गा, असा तोंड लपवून काहून बसला? घरचे बरे आहेत ना?"

घरचे बरे होते. मी ऑफिसात आहे, अशी त्यांची समजूत होती. शेजारच्या टेबलावरचे एक हेडमास्तर तर चकणा तसाच टाकून मागच्या दारानं गेले.

सगळा दोष इंग्लंडचा. दोन वर्षांपूर्वी काका-काकू मुलाकडे सहा महिने राहून आले. मुलगा-सून कामावर गेले की दोघं गल्लीतल्या पबमध्ये जाऊन रस घेऊन बसत. "तिकडे असं नसते," हे काकांचं तेव्हापासूनचं पालुपद. "तिथं म्हातारे येतेत, बाया येतेत, कुत्रे बी येतेत. काच आरपार. कोणी कोणाले भेत नाही. चकणा मात्र फुकट देत नाही, तेवढं आपलं चांगलं."

बारचे मालक राजूभाऊ यांच्यामागे त्यांनी एकच धोशा लावला होता, माझ्या टेबलापुरता तरी कागद काढ.

"काका, कागद काढला तं गिऱ्हाईक पळून जाईन," राजूभाऊ म्हणायचे.

एकदा न राहवून मी विचारलं, "काका, रस घरी मिळत नाही का?"

काकांनी ग्लास बाजूला सरकवला.

"घरी तुझी काकू बसत नाही गा. चहा ठेवते, कुकर पाहते, दारावर कोणी आलं तं उठते. बेचाळीस वर्षं झाले, मी जेवतो आन् ती वाढते. तिकडे पबमधी तिले उठाले काही कामच नव्हतं. दोन-दोन तास समोर बसे. तिले गाता येते, हे मले तिथं समजलं." मग हळूच म्हणाले, "इथं चाल म्हटलं तं म्हणते, बारमधी? लोक काय म्हणतीन? आत कोण बसलं ते बाहेरून दिसलं, तं ती येईन वाटते मले."

या माणसाला आपण इतके दिवस हसलो, याची मला लाज वाटली. राजूभाऊ गल्ल्यावरून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी ब्लेडनं कागद खरवडला, वहीच्या पानाएवढा.

मंगळवारी भाजीची पिशवी घेऊन चाललेल्या काकू त्या चौकोनासमोर थबकल्या. काका उठून उभे राहिले आणि त्यांनी ग्लास जरासा उंचावला. आम्ही सगळे कॅलेंडर वाचू लागलो.

काकूंनी पिशवी खाली ठेवली, पदर सावरला, काचेला डोळे लावले आणि हसल्या. बराच वेळ तशाच उभ्या होत्या. मग पिशवी उचलून घराकडे गेल्या.

"आत नाही आल्या," मी म्हणालो.

"पिशवी खाली ठेवली होती गा तिनं," काका म्हणाले. "पाह्यलं ना तू?"

मी पाहिलं होतं.