‘समजेल’ला बंदी

भोईर सरांनी मला कधी ‘कशा आहात?’ असं विचारल्याचं आठवत नाही. जिन्यात भेटले तरी त्यांचा प्रश्न ठरलेला, "मॅडम, तुमच्या पोरांना आता काय येतं?"

आमचं कॉलेज डोंबिवलीतलं. सर अर्थशास्त्राचे, मी मराठीची. प्रश्न विचारला की उत्तर मिळेपर्यंत सर वाट अडवून उभे. एकदा मी घाईत म्हटलं, "अभंग शिकवून झाले, सर."

"ते तुमचं झालं. पोरांना काय येतं?"

कोलशेतला एका सहकाऱ्याच्या नव्या घरी आम्ही सगळे जेवायला गेलेलो. यजमानांनी लेकीचं पोहण्याचं प्रमाणपत्र मोठ्या कौतुकानं फिरवलं. सरांनी चष्मा कपाळावर चढवून ते वाचलं आणि विचारलं, "कुठल्या तलावात शिकली?" कोर्स ऑनलाइन होता. त्यानंतर श्रीखंड कुणालाच गोड लागेना. सरांनी मात्र परत मागून घेतलं.

अशा माणसाच्या हाती प्राचार्यांनी अख्ख्या कॉलेजच्या अध्ययन निष्पत्तींचं काम दिलं. म्हणजे, एखादा विषय शिकून विद्यार्थ्याला नेमकं काय करता येईल ते आधी लिहायचं आणि वर्षाखेरीस ते खरंच येतं का, हे तपासायचं. कॉलेजची श्रेणी ठरवणारी समिती यायची होती, तिला हे सगळं दाखवावं लागतं. आजवर आम्ही ते एकमेकांचं बघून लिहायचो. सगळ्या विषयांना एकच वाक्य: विद्यार्थ्याला विषयाचं महत्त्व समजेल.

पहिल्याच बैठकीत सरांनी ‘समजेल’ या शब्दावर बंदी घातली. "समजलं हे काय कपाळावर उमटतं? डोळ्यांना दिसेल असं काहीतरी लिहा."

मी लिहिलं, ‘विद्यार्थी कवितेचा आस्वाद घेईल.’

"घेतला हे कसं ओळखणार? ढेकर देईल?"

बरीच भांडाभांडी झाल्यावर ठरलं, की न वाचलेली कविता समोर ठेवली तर विद्यार्थी तिच्याविषयी स्वतःच्या शब्दांत थोडंसं बोलेल.

आम्हाला वाटलं, कागदावर आलं, संपलं. पण सर खरोखरच वर्गावर्गांतून तपासत फिरले. इंग्रजीच्या मुलांना नोकरीचा अर्ज लिहायला लावला. भूगोलाच्या वर्गाला कोरा नकाशा देऊन खोपटचा एसटी डेपो कुठे असेल ते दाखवायला सांगितलं, तर अर्ध्या वर्गानं एसटी खाडीत उतरवली. माझ्या वर्गातली एक मुलगी कवितेवर फार सुरेख बोलली. ते सगळं गाईडमधलं होतं, तेही दुसऱ्याच कवितेवरचं.

सगळ्यात वाईट निकाल लागला तो सरांच्याच वर्गाचा. कांदा का महागतो, हे अर्थशास्त्राच्या पोरांना सांगता येईना. सरांनी तो निकाल अहवालात सगळ्यात वर टाकला.

प्राचार्य हबकले. "अहो भोईर, सगळीकडे ‘साध्य’ लिहून टाका ना! समिती काय पोरांना नकाशा देणार आहे?"

"सर, मी बघितलंय ते. आता न बघितल्यासारखं कसं लिहू?"

अहवाल तसाच गेला. समितीनं सरांना बोलावून बराच वेळ प्रश्न विचारले, निघताना आवर्जून हात मिळवला, आणि कॉलेजची श्रेणी एका पायरीनं खाली आणली. स्टाफरूममध्ये सरांशी कुणी धड बोलेना. थोड्याच दिवसांत ते काम दुसऱ्याकडे गेलं. त्या दुपारी सर घरी गेले, ते आठवडाभर आलेच नाहीत. फोनही उचलेनात.

शेवटी रविवारी सकाळी मी मोहन्याला त्यांच्या घरी गेले. दार उघडंच होतं. खुर्चीत वहिनी बसलेल्या आणि त्यांच्यासमोर सर जमिनीवर मांडी घालून. वहिनींना अर्धांगाचा झटका येऊन वाचा गेली होती, त्याला वर्ष होऊन गेलेलं. आम्हा कुणालाच पत्ता नव्हता. कॉलेज सुटल्यावर चहाला न थांबता पळणाऱ्या सरांना आम्ही माणूसघाणे म्हणत होतो.

सरांनी वाटी वर धरली. "यो काय हाय? सांग बघू." घरातलं आगरी बोलणं आणि तो मऊ आवाज, दोन्ही मी पहिल्यांदाच ऐकत होते.

वहिनींचे ओठ हलत राहिले. "चम… चा."

"बरोबर!" सर म्हणाले.

मग त्यांनी चमचा धरला. वहिनी म्हणाल्या, "फूल."

"वा! एकदम बरोबर!"

मला राहवलं नाही. "सर, अहो…"

"माहीत आहे हो, मॅडम." त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "आधी नुसता घसा ताणायची, आवाज फुटायचा नाही. आता शब्द येतोय. कुठला का येईना."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. चांगला हात त्यांनी कष्टानं बाजूच्या खुर्चीकडे नेला. "ये," त्या म्हणाल्या. "ब… स."

ते दोन्ही शब्द अगदी अचूक होते. सर वहिनींकडे बघत राहिले. मग "चहा टाकतो" म्हणून घाईनं आत गेले.

आतून भांड्याचा आवाज येईना. गॅस पेटल्याचाही येईना. जरा वेळानं मी उठायला लागले, तर वहिनींनी माझं मनगट धरलं आणि ‘नको’ अशी मान हलवली.

"बस," त्या म्हणाल्या.