विश्रामभाईंचं धावतं वर्णन

विश्रामभाई मळीक यांना क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. तरीही भारताचा सामना असला की सुर्ल्यातले आम्ही पाचसहा शेजारी घरचे टीव्ही सोडून त्यांच्या पडवीत जाऊन बसायचो, त्यांचं धावतं वर्णन ऐकायला.

"बॉलर रिव्हर्समधी मागे गेलो," ते सुरू करायचे. "आता फर्स्ट टाकलो. सेकंड. थर्ड. इलो, इलो, फुल स्पीडमधी इलो. बॉल सोडलो. बॅटवाल्यान साइड दिली."

खाटेवर बसलेल्या सुमतीवैनी विचारायच्या, "साइड दिली म्हणजे काय? सोडलो काय मारलो?"

"सोडलो गो. ओव्हरटेक करून गेलो मागे."

विश्रामभाईंनी उभी हयात खाणीवर टिपर चालवण्यात घालवली होती. खाणीवर खनिज भरायचं, नदीवरच्या धक्क्यावर ओतायचं, रिकामा टिपर घेऊन परत यायचं. मी त्याच खाणीच्या वजनकाट्यावर क्लार्क होतो, त्यामुळे दिवसातून सातआठ वेळा त्यांचं तोंड दिसायचं. जगातली कुठलीही गोष्ट हा माणूस रस्त्यावर आणून समजून घ्यायचा. एखाद्याचं लग्न मोडलं तर 'क्लच बसलो नाय', कोणी म्हातारा आजारातून उठला तर 'इंजिन काम केलां, आता रनिंगमधी सांभाळून'. त्यामुळे एलबीडब्ल्यूचं अपील झालं की ते म्हणायचे, "सगळी हात वर करून बोंबलतत. पोलीस विचार करता. पोलिसान चलान फाडलां." पोलीस म्हणजे अंपायर. स्लिपमधले तीन खेळाडू म्हणजे 'रेशनच्या लायनीत उभी आसत ती'. वैनी कपाळाला हात लावायच्या. "स्लिप म्हण रे. तीनदा सांगलंय." आणि ते शहाण्या विद्यार्थ्यासारखे "स्लिप" म्हणायचे, आणि पुढच्या षटकात पुन्हा रेशनची लाइन.

क्रिकेट होतं ते वैनींचं. माहेर पेडण्यातल्या हळर्णचं. चार भावांत एकटी बहीण. भात कापून झालं की किल्ल्याच्या खालच्या अंगाला भावांचा खेळ चालायचा आणि अकरावा भिडू कमी पडला की हिला उभी करायचे. तिचा चेंडू वळायचा, असं तिचे भाऊ अजून सांगतात. लग्न होऊन सुर्ल्याला आल्यावर ते सगळं बंद झालं. उरला टीव्ही. पण पहाटेच्या खेपेला निघणारा नवरा संध्याकाळी लाल धुळीनं माखून यायचा, जेवायचा आणि सामना कितीही रंगात असला तरी बटण बंद करून आडवा व्हायचा. एका विश्वचषकाचा अंतिम सामना त्याने असाच शेवटची दहा षटकं राहिलेली असताना बंद केला होता. सकाळी पाव घेऊन पोदेर आला, त्याला वैनींनी कोण जिंकलं ते विचारलं. हे मला खुद्द विश्रामभाईंनीच सांगितलं, पुष्कळ वर्षांनी.

मग खाणी बंद पडल्या. मी डिचोलीतल्या एका दुकानात हिशेबाला लागलो. विश्रामभाईंचा टिपर अंगणात फणसाखाली उभा राहिला तो राहिलाच. त्याच सुमाराला साखरेनं वैनींचे डोळे नेले. आधी एक, सहा महिन्यांत दुसरा. मुलगी लग्न होऊन बेळगावला, घरात हे दोघंच.

डोळे गेल्यावर वैनी दोन महिने पडवीत टीव्हीपाशी आल्या नाहीत. मग एका दुपारी विश्रामभाईंनी त्यांना हाताला धरून आणलं, खाटेवर बसवलं, स्वतः कदेल, म्हणजे खुर्ची, ओढून टीव्हीसमोर बसले. टीव्हीवरचे लोक बोलत होते, पण वैनींना त्यांचा काही उपयोग नव्हता. ते म्हणायचे, काय सुंदर फटका. कुठे गेला, कोणी अडवला, ते सांगायचे नाहीत, कारण बघणाऱ्याला ते दिसत असतं. विश्रामभाईंनी टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला आणि म्हणाले, "मी सांगतंय." तेव्हापासून त्या घरात टीव्ही कायम मुका आणि विश्रामभाई चालू.

एकदाच त्यांनी लबाडी केली. भारत सपाटून हरला होता आणि वैनींची तब्येत बरी नव्हती, म्हणून त्यांनी 'जिंकलो' असं सांगून टाकलं. सकाळी पोदेर हॉर्न वाजवत आला आणि वैनींना बघून हळहळला, की काल वाट लागली आपली. वैनी दोन दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "माका दिसणां नाय, म्हणान तू माका फसवू नको." नंतर विश्रामभाईंनी एका चौकाराचा षटकारही केला नाही.

पुढे मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून तीनदा म्हापशाच्या इस्पितळात यंत्रावर चार चार तास. तिथेही विश्रामभाई मोबाइल हातात धरून हळू आवाजात सुरू. आजूबाजूच्या खाटांवरचे पेशंट आधी वैतागले, मग एकाने विचारलं, भाई, जरा मोठ्यानं सांगा. असं करत करत अख्खा वॉर्ड ऐकायला लागला. नर्ससुद्धा सलाइन बदलताना विचारायची, पोलिसानं काय केलं.

पुढचा विश्वचषक आफ्रिकेत, तो पण तीन देशांत मिळून होणार, ही बातमी मीच त्यांना वाचून दाखवली. दक्षिण आफ्रिका, झिंबाब्वे आणि नामिबिया. विश्रामभाईंना ही वाटणी पसंत पडली नाही. जत्रा एक आणि गावं तीन, हे कसं काय. वैनी म्हणाल्या, देवीचा कळस नाही का घरोघर फिरत, तसा कप फिरेल. मग त्यांनी मला मैदानांची नावं विचारली. मी हरारे म्हटल्यावर त्या खूप दिवसांनी हसल्या. "हरा रे? ह्या कोणाक सांगतत? थंय आमचो सामनो नको."

त्यानंतर विश्रामभाईंना आफ्रिकेनं झपाटलं. न पाहिलेल्या रस्त्यावर गाडी घालायची नाही, हा त्यांचा नियम. वैनींना तिथलं वर्णन सांगायचं तर आधी आपल्याला माहीत पाहिजे. ते डिचोलीच्या वाचनालयात जाऊन नकाशा उतरवून घेऊन आले. मला वाटेत अडवून विचारायचे, नामिबियात माती कसली, आपल्यासारखी लाल की कशी. झिंबाब्वेतून खाली उतरायला घाट लागतो का. मी म्हणायचो, विश्रामभाई, मला काटा कळतो, नामिबिया नाही. शेवटी त्यांनी एक प्लायवूडची फळी आणली, तीवर सुंभ चिकटवून तीन देशांच्या हद्दी केल्या, मैदानांच्या जागी चिंचोके बसवले आणि नामिबियाच्या वाळवंटासाठी नदीची वाळू गोंदावर पसरली. वैनी ती फळी मांडीवर घेऊन बोटांनी फिरायच्या. झिंबाब्वेचा एक चिंचोका सुटून पडला, तर दोघांनी मिळून अर्धा दिवस खाटेखाली शोधला.

"फायनल खंय?" त्या विचारायच्या.

विश्रामभाई त्यांचं बोट धरून चिंचोक्यावर ठेवायचे.

डॉक्टरांनी विश्रामभाईंना बाहेर बोलावून काय ते सांगितलं, तेव्हा मी बरोबर होतो. विश्वचषकाला अजून कितीतरी महिने होते आणि डॉक्टर आठवड्यांची गोष्ट करत होते. विश्रामभाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, थोडं लांबवता येईल का. डॉक्टरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. पुढच्या आठवड्यात वैनींनीच यंत्रावर जायला नकार दिला. मुलीनं बेळगावहून येऊन पुष्कळ विनवलं, पण त्या ऐकेनात. घरी राहते म्हणाल्या.

घरी आल्यावर त्यांचं वेळेचं भान हळूहळू सुटत गेलं. कधी त्या हळर्णच्या शेतात असायच्या, भावांना ओरडून चेंडू मागायच्या. कधी ओळखायच्या, कधी नाही. चार दिवस पोटात अन्न नव्हतं. पाचव्या दिवशी दुपारी मी आणि माझी बायको त्यांच्यापाशी बसलो होतो. मुलगी आतल्या खोलीत पडली होती, रात्रभर जागलेली. वैनींनी डोकं वळवलं आणि अगदी स्वच्छ आवाजात विचारलं, "आफ्रिकेचो कप सुरू झालो?"

विश्रामभाईंनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

"सुरू काय," ते म्हणाले, "आज फायनल. तू निजललंस म्हणान उठवूक नाय."

त्यांनी कदेल ओढलं आणि टीव्हीसमोर बसले. टीव्ही बंदच होता. आवाज कधीच नसायचा, त्यामुळे वैनींना फरक कळायचा प्रश्न नव्हता. काळ्या काचेत मला विश्रामभाईंचा चेहरा आणि त्यांच्या मागची खाट दिसत होती.

ते बोलू लागले. मैदान कसं आहे, ऊन कुठून पडलंय, वारा कुठला, कोण ओव्हर टाकतोय. मी ऐकत होतो आणि मला थोड्या वेळानं जाणवलं, की हा माणूस एकही चूक करत नाहीये. स्लिपला स्लिप म्हणतोय, मिडऑफला मिडऑफ. बॉलर रिव्हर्समध्ये जात नाही, कोणी साइड देत नाही. म्हणजे त्यांना खेळ कधीचाच समजला होता. वैनींना शिकवायला काहीतरी राहावं म्हणून ते इतकी वर्षं चुकत होते की काय, असं माझ्या मनात आलं. वैनी काहीच दुरुस्त करत नव्हत्या. ओठ किंचित उघडे ठेवून ऐकत होत्या.

तासभर ते बोलले. त्यांनी सामना शेवटच्या षटकापर्यंत आणला. सहा चेंडूंत अकरा धावा. मग तीन चेंडूंत सहा. शेवटच्या चेंडूवर चार. माझ्या बायकोनं माझा हात घट्ट धरला होता. सामना नाही, फळीवरच्या चिंचोक्यांपलीकडे काही नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तरी आम्ही त्या चेंडूची वाट बघत होतो.

"बॉल सोडलो," विश्रामभाई म्हणाले. "मारलो. उंच मारलो, लाँगऑनच्या वरसून. वर गेलो... फिल्डर मागे धावता. मागे, मागे..."

ते थांबले. काळ्या काचेत मला त्यांचे डोळे मिटलेले दिसले.

"धरलो," ते म्हणाले. "गेलो गो. तीन रनान हरलो."

माझी बायको उठून बाहेर निघून गेली. मलाही त्या माणसाचा संताप आला. मरणाच्या दारात असलेल्या बाईला एक विश्वचषक जिंकून द्यायला काय जात होतं? सगळं त्याच्याच तोंडात होतं.

वैनींनी जीभ ओठांवरून फिरवली. "तेणां तो खाली ठेवूक होयो होतो," त्या म्हणाल्या. "चार रन जमनीवरसून गावले असते."

"तांच सांगतंय," विश्रामभाई म्हणाले.

"पुढचो कप खंय?"

"हंय. आपल्याकडे आनी बांगलादेशात, वांटून."

"मगे बरां," वैनी म्हणाल्या. थोड्या वेळानं त्यांनी पेज मागितली. विश्रामभाईंनी चमच्यानं भरवली, चार चमचे. पाचवा त्यांनी नको म्हटलं.

त्या दुपारनंतर वैनी नऊ दिवस होत्या. रोज थोडी पेज घेत होत्या. दोनदा त्यांनी नव्या कपाबद्दल विचारलं. मुलीला त्या खेळाडूच्या चुकीबद्दल तावातावानं सांगितलं. दहाव्या दिवशी सकाळी गेल्या.

माझी बायको महिनाभर विश्रामभाईंशी नीट बोलली नाही. आम्ही जेवण पोचवत होतो, पण ती ताट ठेवून मागे फिरायची. मीसुद्धा विषय काढत नव्हतो. परवा वर्तमानपत्रात त्या आफ्रिकेतल्या विश्वचषकाची आणखी काही माहिती आली होती. मी ते पान घरीच ठेवून त्यांच्याकडे गेलो, तर त्यांच्याकडे तेच पान उघडं होतं. चष्मा लावून बोटानं एकेक ओळ वाचत होते.

न राहवून मी विचारलंच. म्हटलं, विश्रामभाई, सगळं तुमच्या हातात होतं. वैनींना जिंकलो म्हणून का नाही सांगितलंत?

त्यांनी चष्मा काढला. पंच्याच्या टोकानं पुसत राहिले.

"जिंकल्यावर ती टीव्ही बंद कर म्हणून सांगायची, बाब. काम झालां म्हणायची आणि सुखान निजायची." ते थांबले. "आनी हरलो काय, तिका झोप येत नसे. पुढच्याची वाट बघीत रवायची. कधी आसा, खंय आसा, कोण खेळतलो. इतक्या वर्षांत मी तिचां तेवढाच शिकलंय."

"तिका सुखान जावंक देवूक होया होतां, माका कळता तां," ते म्हणाले. "पण माका ती जावंक नको होती." त्यांनी पान घडी करून मांडीवर ठेवलं आणि त्यावर तळहात फिरवला. "नऊ दीस गावले माका."